फूल तुमचं, मूळ माझं

झेंडूचं फूल खुडायचं तर आधी डावा हात मातीवर. तळवा रोपाच्या बुडाशी सपाट टेकायचा, देठ दोन बोटांच्या बेचक्यात धरायचा आणि मग उजव्या हाताने फूल. रोप हलता कामा नये. तुम्ही म्हणाल, झेंडूच तो, त्यात काय एवढं. मीही तेच म्हणाले होते आणि एक फूल ओढलं होतं. अंकलनी माझा हात धरून बाजूला केला. म्हणाले, "बाय, फूल तुमचं, मूळ माझं."

हे वाक्य त्यांनी पुढे इतक्यांना ऐकवलं की ऑफिसात त्याची म्हण झाली. कुणी कुणाच्या डब्यातला लाडू उचलला की डब्याचा मालक म्हणायचा, "लाडू तुमचा, डबा माझा." अंकल हसायचे नाहीत. झेंडूच्या मुळाची चेष्टा त्यांना चालायची नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मस्कतमध्ये एका ओमानी मालकाची बांधकामाची कंपनी होती. मी तिथे रिसेप्शनवर बसायची, टायपिंगही करायची. अंकल स्टोअरकीपर. वसईचे कॅथलिक. आमच्यात सगळ्यात जुने तेच. अर्बाब, म्हणजे मालक, तरुणपणी पहिलं दुकान काढून बसला तेव्हापासून त्याच्याजवळ. बायको-मुलगी वसईला, हे इथे वादी अदाईत आमच्या खालच्या मजल्यावर एका खोलीत. संध्याकाळी जिन्यात सुक्या बोंबलांचा वास आला की समजायचं, अंकल आले.

स्टोअरकीपर म्हणून माणूस भारी चिवट. नवा बल्ब हवा असेल तर जुना आणून दाखवा. नवी घमेली हवीत तर फुटकी आणा. एका फोरमनने वैतागून विचारलं, "अंकल, नवा स्क्रू पाहिजे तर जुना स्क्रू शोधत बसू का?" अंकल शांतपणे म्हणाले, "शोधा ना. तो काय चालत गेला?" सप्लायरने फोनवर "इन्शाल्ला, बुकरा" म्हटलं, म्हणजे देवाची इच्छा असेल तर उद्या, की हे फोन ठेवून माझ्याकडे बघत. "बाय, लिहून घे. आज येत नाही, उद्या येत नाही. देवाला मध्ये घातलाय, म्हणजे मालच नाहीये."

पण या माणसाला एक गोष्ट फुकट मिळायची आणि ती मात्र ते कशाच्याही बदल्यात देत नसत. दरवर्षी थंडी सरली की रुस्ताकहून अर्बाबची आई आम्हा सगळ्यांना वाळवलेली लिंबं पाठवायची. तिच्या अंगणातल्या झाडाची, गच्चीवर उन्हात वाळून काळी कुळकुळीत झालेली. ओमानी लोक ती मटणात, भातात घालतात. अंकल बोंबलाच्या कालवणात घालायचे. म्हणायचे, "वसईची चिंच विसरलो मी. आंबट असावं तर असं."

एका वर्षी पिशवी आली नाही. अंकलनी वाट पाहिली, मग सरळ अर्बाबच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेरच बसलेली, दार उघडं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. अर्बाब बरं हिंदी बोलायचा. म्हणाला, "अंकल, वो पेड खलास. बीमार है. काटेगा."

अंकल म्हणाले, "काटने के पहले मेरे को देखने दो."

त्यांच्याकडे गाडी नव्हती, लायसनही नव्हतं. ते काम आमच्या ह्यांच्या गळ्यात पडलं आणि आम्हाला शुक्रवारच्या सुट्टीत फिरायला निमित्त मिळालं. शुक्रवारी सकाळी अंकल रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकायचे, आम्ही बाहेर गाडीत बसायचो. उपदेश लांबला की चरफडत बाहेर येत. "फादरला काय घाई, त्याला कुठे रुस्ताकला जायचंय."

रुस्ताकचं ते घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. मागे खजुरांची बाग आणि बागेतून फलज वाहायचा. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाट. गावातल्या प्रत्येक बागेची पाण्याची पाळी ठरलेली. आपली पाळी आली की पाटाच्या तोंडावरचं फडकं-दगड काढायचे आणि पाणी आळ्यात सोडायचं. एका झाडाचं आळं भरलं की ते ओसंडून पुढच्या आळ्यात. घराजवळच्या आळ्यात ते लिंबाचं झाड होतं. अर्बाब पाळण्यात होता तेव्हा त्याच्या वडिलांनी लावलेलं. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. म्हातारी रोज सकाळी त्याच झाडाखाली चटई टाकून कॉफी प्यायची. आता सावली विरळ झाली होती. पानं पिवळी पडलेली, शेंडे वाळलेले. म्हातारी उन्हाच्या कवडशांत बसली होती, पण जागा तिने बदलली नव्हती.

अंकलनी खुरप्याने बुडाजवळची माती उकरली. एक बारीक मूळ बोटात धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. वासही कुजका. अंकल म्हणाले, "हे वर नाही, हे खाली आहे." मग म्हातारीकडे वळून आपल्या स्टोअरच्या अरबीत म्हणाले, "आय, झाड मी बघतो."

'आय' म्हणजे वसईकडे आई. म्हातारीला त्याचा अर्थ कुणी सांगितला की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून ती आमचीही आय झाली.

आता, अंकल काही झाडांचे डॉक्टर नव्हते, आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. त्यांनी शेतकी खात्यातल्या एका सुदानी इंजिनियरला गाठलं. उंच, शांत माणूस. त्याने मुळं बघितली, माती पिशवीत नेली. पुढच्या खेपेला त्याने सांगितलं ते असं. मातीत डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी आहेत, ते मुळं पोखरतात. पोखरलेल्या जागी बुरशी शिरते आणि मूळ सडतं. त्यात पाणी खोडाला लागून साचतंय. आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाणारं पाणी रोगही बरोबर घेऊन जातं. मातीत ओतायचं औषध आहे, ते देतो.

आयने विचारलं, "औषध ओतलं की ते जातं कुठे?"

इंजिनियर म्हणाला, "थोडं मातीत राहतं, थोडं पाण्याबरोबर खाली जातं."

"खाली माणसं आहेत," आय म्हणाली. खालच्या बागा, खालची घरं त्याच फलजवर होती. तिथल्या बायका त्याच पाण्यात भांडी धुवायच्या, लोक त्याच पाण्याने नमाजाआधी हातपाय धुवायचे. "माझं झाड जगवायला मी त्यांच्या पाण्यात विष सोडू?" विषय तिथेच संपला. अर्बाबने समजावून पाहिलं, पण आईपुढे तोही अर्बाब नव्हता.

तेव्हा अंकलनी झेंडू काढला. त्यांच्या वसईच्या वाडीत वांग्याच्या मुळाला गाठी आल्या की त्यांचे बाबा पुढच्या वर्षी त्या जागी झेंडू लावायचे. का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. इंजिनियर म्हणाला, "बरोबर आहे. झेंडूच्या मुळात असं काही असतं की ते कृमी मरतात. पण झाड जुनं आहे, सड फार गेलीय. आशा धरू नका. लावून नुकसान मात्र नाही." अंकलना एवढं पुरे झालं. स्टोअरकीपरला 'नुकसान नाही' हे फार मोठं आश्वासन वाटतं.

मी गाडीत विचारलं, "अंकल, खरंच जगेल?"

"मला काय माहीत, बाय. बाबा लावायचे म्हणून लावतो."

वसईहून मुलीने बी पाठवलं. अंकलनी खोडाभोवती मातीचा वरंबा करून पाणी लांब ठेवलं, शेजारच्या झाडांसाठी पाणी वेगळ्या चरातून नेलं आणि झाडाच्या घेरात जिथवर बारीक मुळं पोचली होती तिथवर झेंडू लावला. फुलं आली तेव्हा त्या रेताड, करड्या अंगणात जे काही दिसलं, ते मी विसरलेली नाही. मला आपलं गाव आठवून रडू आलं, हे कबूल करायला लाज कसली. आय फुलांत बसून कॉफी प्यायची. शेजारणी बघायला यायच्या. फूल कुणीही न्यावं, पण हात मातीवर ठेवून. अंकलनी आयला ते शिकवलं. मेंदीने रंगलेला, सुरकुतलेला तिचा हात त्यांनी मातीवर टेकवून दाखवला. ती लहान मुलीसारखी हसत होती. म्हणाली, "इतक्या वर्षांत मला कुणी फूल तोडायला शिकवलं नव्हतं."

दुसऱ्या वसंतात झाडाच्या एका अंगाला पालवी फुटली. एकाच अंगाला, पण फुटली. त्यावर काही लिंबंही धरली. आयने पहिलं पिवळं झालेलं लिंबू अंकलच्या हातात दिलं. परतताना गाडीत ते लिंबू त्यांनी नाकाशी धरलं होतं. हे म्हणाले, "अंकल, आज कालवण जोरात." अंकल म्हणाले, "हे पिळायचं माझ्या जिवावर येईल." ते त्यांनी पिळलं नाहीच. पूर्ण पिकू दिलं, बिया काढल्या आणि स्टोअरच्या मागे रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. फोरमनने विचारलं, "रिकामे डबे जमा नाही केले?" तर म्हणाले, "वापरात आहेत."

आणि मग तो दसरा आला.

आमचं तिथलं मराठी मंडळ दसरा मोठा करायचं. फुलं विमानाने यायची. त्या वर्षी पेट्या आल्या त्या सडूनच. झेंडूशिवाय दसरा म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. सेक्रेटरी हवालदिल झाले. गृहस्थ भला, उत्साही, सगळीकडे धावणारा. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की रुस्ताकला झेंडूचं बन आहे. त्यांनी अर्बाबला फोन केला, अर्बाबने आईला कळवलं, 'अंकलचे लोक फुलांना येतायत.' अंकल तेव्हा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत होते. तिथलं एक काम संपलं होतं आणि उरलेलं सामान ताब्यात घ्यायला ते गेले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारायचं असं काही त्यात कुणाला दिसलंच नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरणं करायला म्हणून मी हॉलवर गेले तर सतरंजीवर झेंडूची रोपंच्या रोपं पडलेली. मुळांसकट. मुळांना रुस्ताकची ओली माती तशीच. सेक्रेटरी खुशीत होते. "अहो, तिथे उन्हात एकेक खुडत कोण बसणार? माती भुसभुशीत, ओढलं की येतं. म्हटलं उपटूनच नेऊ, इथे पंख्याखाली आरामात खुडू." आपल्याकडे दसरा झाला की झेंडूचा वाफा मोडतातच. त्यांना वाटलं, म्हातारीचं काम वाचवलं. मी तोंड उघडून काही म्हणणार, पण काय म्हणणार? बायका गाणी म्हणत फुलं ओवत होत्या.

अंकल परत आले आणि दसऱ्याच्या सकाळी मी त्यांना सांगितलं. ते "चला" एवढंच म्हणाले. आम्ही तसेच रुस्ताकला निघालो.

अंगण उकरल्यासारखं झालं होतं. रोपांबरोबर लिंबाची वरवरची नवी मुळंही तुटून आली होती. पांढरी, कोवळी, दोन वर्षांच्या खटपटीने फुटलेली. ती उन्हात वाळून पडली होती. अंकल उकिडवे बसले आणि ती मुळं गोळा करायला लागले. कशासाठी, कुणास ठाऊक. मग एकदम आयवर रागावले. मी त्यांना रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "आय, तू इथे बसली होतीस. तुला माहीत होतं. तू बघत राहिलीस?"

आयने मान खाली घातली. मग म्हणाली, "ते तुझे लोक होते. तुझ्या घरचे. मी त्यांना खजूर दिले, कॉफी दिली. कॉफी पाजलेल्या पाहुण्याचा हात मी कसा धरू?"

ओमानी घरात पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, आणि अंकलनीच तर तिला सांगितलं होतं की इथली सगळी मराठी माणसं माझ्या घरचीच. आपल्या झाडाच्या जिवावर उठलेल्यांना तिने बसून कॉफी ओतली होती, ती यांच्यासाठी. अंकल तिच्या चटईच्या कडेला बसले. तिने त्यांच्यासाठीही कॉफी ओतली.

संध्याकाळी अंकल म्हणाले, "बाय, तुमच्या हॉलवर सोडा मला." मला वाटलं, आता सणासुदीला तमाशा होणार. ते हॉलमध्ये शिरले तेव्हा दारावर, खिडक्यांवर, स्टेजवर त्यांचाच झेंडू. सेक्रेटरींना मी दुपारी आयच्या घरून फोन करून सगळं सांगितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते उठून पुढे आले, हात जोडले, "अंकल, आम्हाला खरंच कल्पना नव्हती हो."

अंकल तोरणाकडे बघत होते. म्हणाले, "आमच्या वाडीतली फुलं दसऱ्याला दादरला जायची. माझे बाबा म्हणायचे, आपल्या फुलांवर अख्ख्या मुंबईचा सण. पण दारावर लागलेली मी कधी बघितली नव्हती. छान दिसतात." मग म्हणाले, "एक करा. सुकली की फेकू नका. मला द्या. त्यात बी असतं."

एवढंच. सेक्रेटरींनी आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. अंकल गोंधळले, त्यांनी क्रुसाची खूण केली आणि पान खिशात घातलं.

तुम्ही तेव्हा आमच्या ऑफिसात यायला हवं होतं. महिनाभर स्टोअरच्या काउंटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या येत राहिल्या. रुवीहून, घुब्राहून, कुठून कुठून. प्रत्येकाच्या दारावरचं वाळलेलं तोरण. सेक्रेटरी स्वतः गाडी घेऊन घरोघर फिरले. ज्यांनी तोरण आधीच टाकलं होतं त्यांना त्यांनी असं काही सुनावलं म्हणे की पुढच्या वर्षी त्यांनी दोन तोरणं दिली. अंकल दुपारी जेवून झालं की वर्तमानपत्र पसरून फुलं चुरत बसायचे. "निम्मं पोचट आहे," म्हणायचे, "कोवळी तोडली ना. पण निम्मं चांगलं आहे." फोरमन लोक समोर उभे राहून बघायचे. एकदा मी पाहिलं, अंकलनी जुना बल्ब न मागता एकाला नवा दिला.

बी पेरलं, उगवलं. पण लिंबाने उन्हाळा काढला नाही. ज्या अंगाला पालवी होती तेच अंग आधी वाळलं. मंडळाने रोपं उपटली म्हणून झाड मेलं का? इंजिनियर म्हणाला, सांगता येत नाही, ते तसंही गेलं असतं. मला विचाराल तर मला राग होता आणि अजून थोडा आहे. अंकलनी मात्र हा प्रश्न कुणाला विचारला नाही. ते आयसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आय, मी बघतो म्हटलं होतं. जमलं नाही." आयने त्यांच्या दंडावर थोपटलं. तिचाच नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होतं ते, आणि समजूत ती घालत होती.

झाड कापलं. त्याच्या एका सरळ फांदीची आयने काठी करून घेतली.

अर्बाबने त्याच आठवड्यात नवं कलम आणलं, ते इंजिनियरने लावू दिलं नाही. म्हणाला, रोग मातीत आहे, नवं झाडही त्याच वाटेने जाईल. मग अंकलनी माती हातात घेतली. त्या जागेवर पहिल्या थंडीत झेंडू. दुसऱ्या थंडीत मोहरी. मोहरी फुलावर येताच कापली, बारीक चिरली, लगेच मातीत गाडली, पाणी दिलं आणि स्टोअरमधल्या प्लॅस्टिकने झाकून टाकली. चिरलेल्या मोहरीतून असा वास सुटतो की मातीतली बुरशी दबते, असं इंजिनियर सांगायचा. बुरशीचं जाऊ दे, आमची नाकं-डोळे वाहायला लागले. आय ओढणीने डोळे पुसत होती. शेजारीण आली, तिने घाबरून विचारलं, काय झालं. आय म्हणाली, "काही नाही, मोहरी." पण प्लॅस्टिक घालून झालं, वास बसला, तरी ती पुसतच होती. अंकल दुसरीकडे बघत फावडं धूत राहिले.

त्यानंतर पुन्हा झेंडू. मग कुठे रंगाच्या डब्यातलं रोप त्या जागी आलं. आयने दिलेल्या त्या न पिळलेल्या लिंबाचं रोप. म्हणजे त्याच झाडाचं लेकरू. आयला हे अंकलनी लावायच्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तिने रोपाची दोन पानं बोटांनी चोळली, वास घेतला आणि बोटं कपाळाला लावली.

रोप माझ्या कमरेएवढं झालं तेव्हा अंकलचं वय भरलं. साठी झाली की व्हिसा पुढे वाढत नसे. अर्बाबने खटपट करून थोडा काळ लांबवला, पण शेवटी जायची वेळ आलीच. तोवर दोन हजार साल उलटलं होतं. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी झेंडूची नवी रोपं लावून दिली. आय म्हणाली, "लिंबू लागलं की पाठवीन." अंकल म्हणाले, "पाठवू नको. मी येतो." आय म्हणाली, "इन्शाल्ला." मी अंकलकडे बघितलं. सप्लायरच्या इन्शाल्लाला नावं ठेवणारा माणूस. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "इन्शाल्ला, आय."

वसईहून ते अधूनमधून फोन करायचे. स्वतःच्या बायपासबद्दल एक वाक्य आणि झाडाबद्दल पुढची दहा मिनिटं. "पाणी खोडाला लागत नाही ना? झेंडू संपू देऊ नका." आम्ही जमेल तसे रुस्ताकला जायचो. जमेल तसं म्हणजे कमीच, खोटं कशाला बोलू. पण झेंडू संपला नव्हता. आय स्वतः बी धरून ठेवायची.

एके दिवशी फोन त्यांच्या मुलीने केला. अंकल झोपेत गेले होते. तिने म्हटलं, "तिथल्या त्या आजींना कळवाल का? बाबा त्यांचं नाव काढायचे." मी हो म्हटलं आणि बरेच दिवस काढले. ही बातमी फोनवर सांगायची नव्हती आणि समोर जाऊन सांगायचा धीर होत नव्हता. शेवटी हे म्हणाले, "चल, आज जाऊ."

आय झाडाखाली होती. फार थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. झाड तिच्या डोक्यावर गेलं होतं, पानं काळपट हिरवी आणि आत लिंबंच लिंबं. मला बघताच तिने नातीला हाक मारून आतून एक डबा आणवला. आत वाळलेली काळी लिंबं होती. या झाडाची पहिली. म्हणाली, "ही त्याची. ताजी ठेवली असती तर सडली असती. ही कितीही दिवस राहतात. तो कधी येतोय?"

मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं. वाक्य चुकलं असेल, पण तिला कळलं. तिने डब्याचं झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. ओठ हलत होते, प्रार्थना म्हणत असावी. फलजचं पाणी वाहत होतं. मला काय करावं सुचेना. मग तिने डबा माझ्या हातात दिला. "त्याच्या मुलीला दे. सांग, कालवणात घाल म्हणावं."

निघताना वाटलं, अंकलच्या फोटोसाठी इथलं एक फूल न्यावं. मी वाकले. तेवढ्यात आयने "थांब" म्हटलं. काठी बाजूला ठेवली, त्याच झाडाची काठी, आणि झाडाचा आधार घेत हळूहळू गुडघ्यांवर बसली. चाचपडत तिने रोपाचं बूड शोधलं. मेंदी लावलेला तळवा मातीवर सपाट टेकवला, देठ दोन बोटांच्या बेचक्यात धरला आणि मान वर करून माझी वाट बघत राहिली.

मी फूल खुडलं. रोप हललं नाही.